शेखच्या पेल्यातलं रक्त

“गोठलं नाही! अर्धा तास झाला, तरी गोठलं नाही!”

शुक्रवारची नमाज आटोपून इजिप्तमधल्या मिन्या शहरातली ती सगळी गल्ली नवालमावशींच्या अंगणात लोटली होती. मधोमध शेख मब्रूक. न्हाव्याकडून स्वतःच्या दंडातून काढवलेलं रक्त ते काचेच्या पेल्यात हलवून दाखवत होते. रक्त पाण्यासारखं हिंदकळत होतं आणि बायका गहिवरत होत्या.

“दवाखान्यात काय करतात? हृदय बंद पाडतात, रक्त यंत्रात घालतात. तिथं त्याचं दही होतं, दही! नवालबाई, माझं मंतरलेलं पाणी चाळीस दिवस प्या. तुमचं रक्त असंच वाहील. चिरफाड हवीच कशाला?”

शेखना भेट म्हणून आलेली बदकं तेवढ्यात ओरडली. अंगणात शंका आली असेल तर त्यांनाच.

शेजारचा वग्दी भिंतीला टेकून बघत होता. मावशींच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. रविवारी शस्त्रक्रिया ठरलेली, आणि आज सकाळीच त्यांनी नकार कळवला होता. शेख ज्याला नावं ठेवत होते ते यंत्र वग्दीच पंधरा वर्षं चालवत होता. गल्लीला हे ठाऊक नव्हतं. रुग्णाला भूल चढली की त्याचं काम सुरू होई आणि शुद्ध यायच्या आत संपे. दुवा सगळ्या सर्जनला. बायको गेल्यापासून घरीही ‘जेवलास का’ विचारणारं कुणी नव्हतं. सणाला मावशींकडून ताट येई, तेवढंच.

रक्त काढण्याआधी शेखनी कुपीतलं ‘पवित्र पाणी’ दोन पेल्यांत टाकून, पेले तिरके धरून गोल फिरवले होते; त्यातला एक अजून वापरायचा होता. वग्दीनं ते नेमकं टिपलं. रक्ताची नळी आतून ओली करताना तो स्वतः रोज असाच हात फिरवायचा.

“शेखसाहेब, त्या दुसऱ्या पेल्यात माझं रक्त घालू?”

“पाप्याचं रक्त? क्षणात दगड होईल!”

“होऊ द्या की. तुमचाच मान वाढेल.”

शेख गडबडले. मावशी म्हणाल्या, “घाला. मला बघायचंय.”

न्हाव्यानं नवी सुई काढली. वग्दीचं अर्धं रक्त शेखच्या पेल्यात गेलं, अर्धं मावशींच्या चहाच्या ग्लासात. पंधरा मिनिटांनी वग्दीनं चहाचा ग्लास उलटा धरला. आत गडद लाल गोळा चिकटून बसला होता. शेखच्या पेल्यातलं रक्त मात्र खुशाल हिंदकळत होतं.

“माणूस एकच, रक्त एकच. की अर्धा मी अवलिया झालो?”

एक-दोघं हसले.

“कुपीत हेपारिन आहे, रक्त गोठू न देणारं औषध. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठायला बघतं, म्हणून आम्हीही आधी हेच देतो आणि काम झालं की त्याचा उतारा. आम्ही मोजून देतो, हे लपवून टाकतात.”

शेख शिव्याशाप देत निघाले. पाठोपाठ गल्लीही पांगली. वग्दीशी कुणी बोललं नाही. एक म्हातारी मात्र जाता जाता थांबली. “एवढा एक आधार होता, तोही घालवलास.” ते त्याला फार लागलं.

मावशी तेवढ्या बसून होत्या. “मग यंत्रात माझं रक्त गोठणार नाही, नक्की?”

“नक्की म्हणणारा आत्ताच गेला, मावशी. कधी नळीत गाठ धरते. कधी उतारा देऊनही रक्त थांबत नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा रक्त काढून घड्याळ लावून बघतो, कमीजास्त करतो. तुम्हीही विचारा, खोदून खोदून विचारा. जो तपासू देत नाही त्याच्या हाती जीव देऊ नका, मग तो शेख असो की डॉक्टर.”

“म्हणजे यंत्रापाशी तू असतोस?”

“हो.”

“पंधरा वर्षांत सांगितलं नाहीस!”

“कुणी विचारलं नाही.”

मावशींनी त्याला हाताला धरून समोर बसवलं. “रविवारी येते मी. पण भूल द्यायच्या आधी समोर येऊन उभा राहा. कुणाच्या हाती जीव देतेय, ते मला बघू दे.”

वग्दीनं मान हलवली आणि चहाचा ग्लास धुवायला घेतला.