जीन्सच्या खिशांतला पालक

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीतल्या भाजीच्या कुंड्या उतरवून जिन्याखाली टाकल्या. तीन फुटल्या. त्या ज्यांच्या होत्या, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तेव्हा गिऱ्हाइकाच्या शर्टाला काजं करत होत्या.

"गच्ची सगळ्यांची आहे, काकू," सेक्रेटरी दारातून म्हणाले. "भाजी बाजारात मिळते की."

दिवसभर काकूंची मशीनवरची टीप वाकडी येत होती.

रविवारी धाकटी बहीण त्यांना नगरपालिकेच्या भाजीबागेत ओढूनच घेऊन गेली. "घरी धुमसत बसण्यापेक्षा चार झाडं तरी बघ!"

बंद पडलेल्या बसडेपोत ती बाग होती. खाली सगळं सिमेंट, तरी गोण्यांत बटाटे, डब्यांत कांद्याची पात आणि एका अख्ख्या भिंतीवर पोत्याचे खिसे टांगलेले, प्रत्येकात पालक. काकूंनी पुढे होऊन एक खिसा उलटा करून पाहिला.

"हात लावा बिनधास्त," बागेतल्या माळीणबाई म्हणाल्या.

"ही शिवण उसवणार. ओल्या मातीचं वजन सुती दोऱ्याला पेलत नाही. नायलॉनचा दोरा घ्या, दुहेरी टीप मारा."

माळीणबाई हसल्या. "तुम्ही शिवता वाटतं? मग घरी का नाही करत?"

"गच्ची बंद केलीय आम्हाला."

"खिडकी बंद केलीय का? ऊन किती वेळ येतं?"

"सकाळी चार तास."

"पालकाला भरपूर झालं. खाली पन्हळ लावा, पाणी बादलीत जाईल." त्यांनी मूठभर बी कागदात बांधून दिलं.

गिऱ्हाइकांच्या जीन्सची उंची कमी करताना कापलेले पायांचे तुकडे काकूंकडे ढिगाने पडले होते. आठवडाभरात त्यांचे शिवलेले नऊ खिसे खिडकीच्या गजांना लटकले. महिन्याभरात ते हिरवे झाले आणि सेक्रेटरी दारात उभे राहिले.

"काकू, बाहेरून दिसतं हे. इमारतीची शोभा जाते."

"चौथ्या मजल्यावरच्या चड्ड्या वाळताना दिसतात, त्याने नाही जात? माझा पालक तेवढा डोळ्यांत खुपतो?"

"सभेत विषय घेईन मी!"

"घ्या. मी येणारच आहे."

सभेला काकू पालकाचा एक खिसा, पन्हळ आणि बादली घेऊनच गेल्या. सगळ्यांसमोर त्या खिशात तांब्याभर पाणी ओतलं. जमिनीवर एक थेंब सांडला नाही. "आता सांगा, कोणाचं काय बिघडतंय? गच्ची मागत नाही मी. पण माझ्या खिडकीला हात लावलात तर बघा."

सेक्रेटरींनी मत घेतलं. काकूंच्या विरुद्ध हात वर झाले दोन: त्यांचा स्वतःचा आणि त्यांच्या मेव्हण्याचा. सेक्रेटरींच्या पत्नीने हात मांडीवरच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दोन जुन्या जीन्स घेऊन काकूंच्या दारात आल्या. "आमच्या खिडकीला ऊन दुपारचं येतं. काय लावू?"

"आत या," काकू म्हणाल्या, "आधी खिडकीचं माप सांगा."