तिला खुर्ची द्या

मी पीठ मळायची काठवट बोलतेय, आणि आज रागानं बोलतेय. लाकडाला कसला आलाय राग, असं म्हणाल. पण पारास्किवाचे हात ज्याला ज्याला लागले ते सगळं शहाणं झालं, एक तिची मुलं सोडून.

ओल्त नदीकाठच्या या गावात एका फिरत्या कारागिरानं मला वाळुंजाच्या खोडातून कोरलं. नवी नवरी पारास्किवा मला घरी घेऊन आली. तेव्हापासून बावन्न वर्षं रोज पहाटे तिच्या मुठी माझ्या पोटात. ती बीट उपटायला शेतात जाई तेव्हा बांधावर तान्ही मुलं माझ्यातच निजत. चारही. घरी आल्यावर मला घासून पुन्हा पीठ. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिनं अठरा पाव मळले, कारण लोक जेवायला येणार होते.

या बाईला बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. सगळ्यांना वाढायचं आणि आपण चुलीपाशी उभ्यानं पातेलं पुसून खायचं. थोरला इलारी म्हणायचा, आईला बसायला आवडतच नाही. घरात माणसं सहा आणि खुर्च्या पाच. आवडणार कुठून?

आज तिला जाऊन चाळिसावा दिवस. या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं शेजाऱ्यांना वस्तू द्यायच्या. घेणाऱ्यानं पेटती मेणबत्ती हातात धरून ‘देव तिला क्षमा करो’ म्हटलं, की ती वस्तू तिकडे तिला पोचते. सून व्हियोरिकानं सकाळीच अंगणात मांडामांड केली. कुदळ, बादली, चाळण, आणि मधोमध मी, नवा टॉवेल बांधून.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही हरखले. पुन्हा तिचे हात! मग माझी मलाच लाज वाटली. म्हणजे तिकडेही तिनं पहाटे उठायचं? अरे, पोटच्या पोरांनो, आईला द्यायला तुम्हांला कुदळच सापडली?

इलारीनं मला उचलून शेजारच्या डोमनिकापुढे धरलं. म्हातारीनं हात पाठीमागे घेतले.

“घे ना मावशी. आईचा फार जीव होता हिच्यावर.”

“तिचा जीव हिनंच खाल्ला, बाबा,” डोमनिका म्हणाली. “मी ही घेतली तर उद्या तिकडे तिच्यापुढं पीठ येईल. मेल्यावर तरी आईला बसू देशील की नाही?”

बोल मला लागला, पण खरा होता. इलारीचे कान लाल झाले. तो आत गेला आणि बापाची हातांची खुर्ची घेऊन आला. डोमनिकानं मेणबत्ती धरली, देव तिला क्षमा करो म्हणाली. क्षमा कुणी कुणाला करायची, ते देवालाच ठाऊक. मग ती त्याच खुर्चीत ऐसपैस बसली.

“आता तिच्या नावानं मला वाढा,” ती म्हणाली. “गरम आहे तोवर.”

मी आता गोठ्यात पालथी पडले आहे. मला फोडा, चुलीत घाला, माझ्यात कोंबड्या बसवा. फक्त पारास्किवाच्या नावानं मला कुणाला देऊ नका. तिचं जेवण अजून चालू असेल.