हेरब्रांडच्या खांद्यावरचा पट्टा

मी पट्टा आहे. कमरेचा नव्हे, बंदुकीचा. बंदूक खांद्याला लटकते ती माझ्या जिवावर, पण फोटोत लोक बंदुकीकडे बघतात, शिंगांकडे बघतात, माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याचा मला राग नाही. आज मात्र थोडं बोलणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. अंगात कातड्याचा कणही नाही. नायलॉनच्या धाग्यांची घट्ट वीण, आणि खांद्यावरून घसरू नये म्हणून आतल्या बाजूला विणलेले रबराचे बारीक धागे. धातूची बकलं नाहीत, म्हणून चालताना खुळखुळ नाही. वजन म्हणाल तर पावाच्या दोन कापांइतकं. या हलकेपणापायीच मी दुकानात बरेच दिवस खुंटीवर पडून होतो. गिऱ्हाईक यायचं, मला दोन बोटांत धरायचं आणि परत अडकवायचं. जाड तेवढं मजबूत, अशी माणसांची ठाम समजूत असते.

मग एका उन्हाळ्यात हेरब्रांड आला. आला म्हणजे त्याच्या मुलीनं, गुरोनं, त्याला आणला. वय सत्तरीच्या पुढे, उजव्या खांद्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्याच्या बंदुकीला त्याच्या वडिलांचा चामडी पट्टा होता, तळहाताएवढा रुंद, पितळी बकलांचा. पावसात भिजला की तो पाणी पिऊन दुप्पट जड व्हायचा. ऑपरेशननंतर हेरब्रांडला तो अंगणातसुद्धा पेलवेना.

ऑगस्ट सरत आला की हे बापलेक आणि त्यांचे सोबती रेनडिअरच्या शिकारीला नॉर्वेतल्या हार्डांगरच्या पठारावर जातात. त्यांचा एक नियम होता, आणि तो हेरब्रांडनंच घालून दिलेला. ज्याची बंदूक त्याच्याच खांद्यावर. एकदा का ती दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, की बंदुकीच्या मालकानं शिकार सोडायची आणि पठारावरच्या झोपडीत बसून सगळ्यांची कॉफी उकळायची. त्याचा बालमित्र एम्ब्रिक गुडघ्यांनी दगा दिल्यावर असाच चुलीशी बसला होता. त्या वेळी किटली त्याच्या हातात देताना हेरब्रांड पोट धरून हसला होता. आता पाळी त्याची होती. बंदूक नेता आली नाही, तर त्याची शिकार संपली.

दुकानात त्यानं आधी स्पंजाचा रुंद पट्टा उचलला. दुकानदारीण हुशार होती. तिनं त्याच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या भरलेली सॅक चढवली, त्या पट्ट्याला एक बंदूक लावून खांद्यावर दिली आणि जिना चढून उतरायला सांगितलं. पायरीगणिक बंदूक उड्या मारायला लागली. दुसरा पट्टा गुळगुळीत होता, तो तिसऱ्याच पायरीला कोपरावर उतरला. मग माझा नंबर लागला. मी जागचा हललो नाही.

"हा पट्टा आहे की पायजम्याची नाडी?" हेरब्रांड म्हणाला.

"नाडी तर नाडी. खांदा दुखतोय का ते सांग," गुरो म्हणाली.

त्यानं पैसे मोजले, आणि मी त्याच्या घरी गेलो.

घरी त्यानं माझं काय केलं, ते ऐका. शिकारीला निघायच्या आधी पट्ट्याला डांबर मिसळलेली चरबी चोळायची, ही त्याची आयुष्यभराची सवय. वडिलांनी लावलेली. त्यानं चुलीपाशी बसून, शीळ घालत, मला दोन्ही अंगांनी चरबी चोपडली. अगदी मायेनं चोपडली हो. माझे रबराचे धागे त्यात बुडून गेले. मला ओरडता आलं असतं, तर मी ओरडलो असतो.

पठारावर पहिल्याच दिवशी व्हायचं ते झालं. मी त्याच्या खांद्यावर ठरेना. तो मला वर ओढी, मी खाली घसरे. प्रत्येक ओढीला त्याच्या खांद्यात कळ जायची आणि तो दात आवळायचा. दुपारी एका ओढ्यापलीकडे कळप दिसला. बापलेक वाकून पुढे सरकत होते, तेवढ्यात मी सुटलो आणि बंदूक दगडावर आपटली. कळप क्षणात टेकडीआड गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झोपडीत एम्ब्रिकनं हेरब्रांडची चाल बघूनच ओळखलं. चुलीजवळचा दुसरा स्टूल त्यानं पायानं पुढे ढकलला.

"बस. उद्यापासून बंदूक पोरीकडे दे. मी एकटा बोलून बोलून कंटाळलोय," एम्ब्रिक म्हणाला.

हेरब्रांड बसला नाही. त्यानं मला खुंटीवर फेकलं आणि हलक्या मालाच्या नावानं बोटं मोडली. गुरोनं मला खाली घेतलं, नाकाशी नेलं आणि वडिलांकडे वळून बघितलं.

"बाबा, तू याला चरबी लावलीस?"

"मग? दरवर्षी लावतो."

"ती कातड्याला रे."

एम्ब्रिक इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. हेरब्रांड मात्र हसला नाही, तो आपल्या हातांकडे बघत राहिला. त्या वेळी मला त्याची फार दया आली. गुरोनं पाणी तापवलं, साबण लावून मला खसाखसा घासलं, पुन्हा पुन्हा पिळलं आणि चुलीवरच्या तारेवर टाकलं. सकाळपर्यंत मी कोरडा ठणठणीत झालो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खांद्याला असा बिलगलो की त्याला माझी आठवणही राहिली नाही. पट्ट्याला याहून मोठं सुख नसतं. वारा समोरून येत होता. एका उतारावर तरणा नर चरत होता, अगदी टप्प्यात. हेरब्रांडनं बंदूक उतरवली, दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं आणि मग बाजूला सरकला.

"तू मार," तो हळूच म्हणाला. "माझ्यानं बंदूक नेववते, रेनडिअर नाही."

कारण तिथली रीत अशी की जो मारतो, मांस त्यानंच पाठीवर आणायचं. गुरोनं एका गोळीत काम केलं. दोघांनी मिळून जनावर सोललं, कापलं, सॅकमध्ये भरलं. गुरोनं सॅक पाठीवर घेतली तेव्हा ती ओझ्यानं पुढे वाकली. वर तिची बंदूक राहिलीच होती. पुढे घेतली तर पायांत येत होती, बाजूला घेतली तर तोल जात होता. ओढा ओलांडायचा होता आणि दगड ओले होते.

तिनं बंदूक वडिलांपुढे धरली.

"धर."

"नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. आज कॉफी मी करते."

हेरब्रांडनं तिची बंदूक डाव्या खांद्यावर घेतली. उजव्यावर मी होतोच. झोपडीपर्यंत तो पुढे आणि ती मागे, आणि वाटेत त्यानं एकदाही विसावा घेतला नाही. दारात उभ्या असलेल्या एम्ब्रिकनं दोन बंदुका मोजल्या आणि किटली गुरोच्या हातात दिली. कॉफी कडूजहर झाली होती. हेरब्रांडनं पुन्हा मागून घेतली.

त्यानंतर थोडेच हंगाम तो पठारावर आला. आता त्याची बंदूक गुरोची आहे आणि मीही तिचाच. माझ्या कडा उसवल्या आहेत, रबराचे धागे झिजले आहेत. गुरोनं नवा पट्टा आणून कपाटात ठेवलाय, हे मला ठाऊक आहे. तिची काही चूक नाही.

पण निघायच्या दिवशी ती आधी वडिलांच्या घरी जाते. तो काठी भिंतीला टेकवतो, रिकामी बंदूक मागून घेतो, माझ्यात हात घालतो आणि दाराशी उभा राहून पठाराच्या दिशेनं बघतो. मग मला उतरवून स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर चढवतो.

गुरो, तुझ्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तो दाराशी येतोय तोवर मला राहू दे. नंतर तो नवा पट्टा खुशाल लाव.