मंजुळानं सांगितलेलं वय

दर रविवारी सकाळी दहाला मंजुळा पदराखाली लसणाची पिशवी घेऊन इंग्रजीच्या वर्गाला जायची.

वर्ग तिचा नव्हता, लेकीचा होता. पण नवऱ्यानं, ज्योतीरामनं, अट घातली होती, की पोरगी जाणार असेल तर आईनं सोबत बसायचं. नुसतं हात बांधून बसणं मंजुळाला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून लसूण. हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून ती आठवड्याचा लसूण सोलायची आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या वीस-बावीस मुलांमध्ये आपल्या स्वप्नालीची वेणी शोधायची.

रहाटणीच्या बुद्धविहारातला हा वर्ग आम्रपाली मॅडम चालवत. वडील लेथवर काम करून निवृत्त झालेले, आणि त्या स्वतः आता हिंजवडीतल्या कंपनीत होत्या. मराठी शाळेत शिकल्या होत्या. पहिल्या मुलाखतीत तोंडातून एक वाक्य फुटलं नाही, म्हणून रडत घरी आल्या होत्या. ते विसरल्या नव्हत्या, म्हणून रविवारची झोप सोडून पाया कच्चा राहिलेल्या मुलांना अगदी पहिल्यापासून शिकवत. स्वप्नालीच्या महापालिकेच्या शाळेतल्या बाईंनीच हा वर्ग सुचवला. ज्योतीरामचा भाऊ नवनाथ तेव्हा म्हणाला होता, "विहारात कशाला धाडायलास पोरीला? आपली माणसं काय म्हणतील?" पण दहावीचं वर्ष होतं, आणि खाजगी क्लास झेपणारा नव्हता.

"आय आला की ॲम," मॅडम फळ्यावर लिहीत. "एकटा असला की इज. घोळका असला की आर."

मंजुळा सातवी शिकली होती. तिच्या कानावर हे सगळं पडायचं आणि पडून राहायचं. चाकणच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये ती चपात्या लाटायची. लाटता लाटता तिचे ओठ हलत.

"काय पुटपुटायलीस गं?" शेजारची तानुबाई विचारायची.

"चपाती इज गरम," मंजुळा म्हणायची. "चपात्या आर गरम." आणि दोघी हसून लोळायच्या बाकी असत.

घरी स्वप्नाली तिचा अभ्यास घ्यायची. आई चुकली की टाळ्या वाजवायची, बरोबर आलं की जास्त वाजवायची. हिंगोलीकडचं गाव सोडून इथं आल्याला अकरा वर्षं झाली होती, त्या अकरा वर्षांत मंजुळाला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत नवनाथ स्थळ घेऊन आला.

मुलगा समाधान, सत्तावीस वर्षांचा. टेम्पो चालवायचा, मोशीत दोन खोल्या होत्या. घरात आई शालनबाई, बाकी कुणी नाही. "नारळ आणि मुलगी द्या, दुसरं काही नको," म्हणाले होते. नवनाथ हे असं सांगत होता, जसं काही देवच प्रसन्न झाला होता.

"तिला सोळा तरी पुरी झालीत का?" मंजुळानं विचारलं.

"तुला कितवं होतं?" नवनाथ म्हणाला.

तिला पंधरावं होतं. यावर बोलण्यासारखं तिच्यापाशी फार होतं, पण ते दिरासमोर बोलायचं नव्हतं.

ज्योतीराम वाईट माणूस नव्हता. दारू नाही, बाहेरचा नाद नाही, बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनपुढं, बारा बारा तास उभा राहायचा. पण तो घाबरलेला होता. त्यांच्या चाळीत चौदा खोल्या, त्यातल्या अकरांत लग्न न झालेली पोरं दाटीनं राहायची. दोघंही नवराबायको शिफ्टला गेले की पोरगी दिवसभर एकटी. दिवाळीनंतर तिसऱ्या खोलीतली मुलगी कुणाबरोबर तरी निघून गेली, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. ती मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि तिनं रीतसर लग्न केलं होतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"दहावीचा निकाल तरी लागू द्या," मंजुळा म्हणाली.

"निकाल काय पळून चाललाय?" तो म्हणाला. "लग्न झाल्यावरबी लागंलच की."

परीक्षा झाली. अकरा मे ही तारीख धरली. स्वप्नालीला कुणी विचारलं नाही, तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पाण्याची कळशी उचलून बाहेर गेली. त्या दिवसापासून तिनं आईचा अभ्यास घेणं बंद केलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मॅडम भविष्यकाळ शिकवत होत्या. 'विल' लावून प्रत्येकानं एक वाक्य करायचं होतं. एकानं सांगितलं, आय विल बाय अ बाइक. एक म्हणाली, आय विल गो टू महाबळेश्वर. स्वप्नालीची पाळी आली. ती उभी राहिली.

"आय विल मॅरी ऑन इलेव्हन मे."

"छान," मॅडम म्हणाल्या. त्या फळ्याकडेच बघत होत्या. "फक्त तारीख सांगताना इलेव्हन नाही, इलेव्हन्थ. ऑन इलेव्हन्थ मे. परत म्हण."

"आय विल मॅरी ऑन इलेव्हन्थ मे."

"व्हेरी गुड." मॅडमनी पुढच्या मुलाकडे बोट केलं, आणि ते बोट तसंच राहिलं. त्या वळल्या. "स्वप्नाली, कुणाचं लग्न?"

"माझं."

मॅडमनी मागं भिंतीकडे पाहिलं. मंजुळानं मान खाली घालून लसणाची पाकळी सोलायला घेतली. वाक्य तिला पहिल्याच वेळी कळलं होतं, दुरुस्त व्हायच्या आधी.

त्याच आठवड्यात आम्रपाली मॅडम चाळीत आल्या. ज्योतीरामनं त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. त्या अर्धा तास बोलल्या. अठराच्या आतलं लग्न गुन्हा आहे, कोवळ्या वयातलं बाळंतपण जिवावर येतं, मुलगी हुशार आहे, अकरावीच्या प्रवेशाचं त्या स्वतः बघतील.

"मॅडम, तुमचं समदं बरोबर हाय," ज्योतीराम हात जोडून म्हणाला. "पण सकाळी सहाला मी जातो, सातला ही जाती. मागं पोरगी एकटी. उद्या काय झालं तर तुमचा कायदा येणार का माझ्या दारात बसायला?"

"भाऊ, मुलांची भीती वाटते म्हणून मुलीलाच घराबाहेर काढायचं?"

"बाहेर न्हाई काढत. तिच्या घरी धाडतोय."

निघताना मॅडम म्हणाल्या, की त्या गप्प बसणार नाहीत, तक्रार करतील. झालं ते एवढंच, की नवनाथनं धावपळ करून लग्न चार मेवर आणलं, चाळीत कुणाला कळू नये म्हणून आळंदीतलं एक लहानसं कार्यालय ठरवलं, आणि कुठून तरी स्वप्नालीच्या आधारकार्डावर जन्माचं साल बदलून आणलं. स्वप्नालीचा वर्ग बंद झाला.

लग्नाला तीन दिवस राहिले तेव्हा कँटीनच्या जेवणाच्या सुट्टीत मंजुळा भांडी घासायच्या जागेमागं गेली आणि तिनं तानुबाईच्या फोनवरून मॅडमना फोन लावला.

"चार तारखेला हाय. आळंदीला," ती भराभरा म्हणाली. कार्यालयाचं नाव सांगितलं. "मी सांगितलं म्हणून सांगू नका, माय."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याच्या पाठीमागं काही केलं होतं. परत येऊन ती चपात्या लाटायला बसली.

चार मेला सकाळी कार्यालयात दीडशे माणूस जमलं होतं. हिरव्या साडीत स्वप्नाली आणखीच लहान दिसत होती. ब्लाउज दोन्ही बाजूंनी टाचून बसवला होता. फोटोग्राफर तिला हनुवटी वर कर म्हणत होता. आचारी, वाजंत्री, मुंडावळ्या बांधणाऱ्या बायका, आहेर घेऊन आलेले पाहुणे, सगळे तिच्याकडे बघत होते. कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हतं असं नाही. विचारलं मात्र कुणी नाही.

अक्षता वाटल्या जात असताना दोन पोलीस आणि बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्या एक मॅडम दारात उभ्या राहिल्या. वाजंत्री थांबली.

नवनाथनं आधारकार्ड पुढं केलं. त्या मॅडमनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "शाळेचा दाखला?"

"गावाकडं राहिला, मॅडम."

त्यांनी स्वप्नालीला विचारलं. स्वप्नाली आईकडे बघत राहिली. मग त्या मंजुळाकडे वळल्या. आवाज मऊ होता. "ताई, तुम्ही जन्म दिलाय. घाबरू नका. मुलीचं खरं वय किती?"

याच प्रश्नासाठी मंजुळानं फोन केला होता. तीन दिवस ती याचीच वाट बघत होती. सोळाला तीन महिने कमी, एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात ज्योतीराम दिसला. फेटा बांधलेला, हातात अक्षता, आणि चेहरा पांढराफटक. नवनाथ तिच्या कानाशी पुटपुटला, "वैनी, दादाला बेड्या पडतील. आत्ता. हितंच."

"अठरा," मंजुळा म्हणाली. "अठरा पुरी झाली."

स्वप्नालीनं आईवरची नजर काढली आणि जमिनीकडे पाहिलं. तिला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, "अठरा."

कागद आणि जबाब जुळत होते. काहीतरी लिहून घेऊन, सह्या घेऊन ती माणसं गेली. लग्न लागलं. जेवणात जिलबी होती.

निकाल जूनमध्ये लागला. स्वप्नालीला बहात्तर टक्के पडले, इंग्रजीत एक्क्याऐंशी. मंजुळानं मोशीला फोन केला. शालनबाईंनीच उचलला. "सांगते तिला," म्हणाल्या.

मोशी काही लांब नाही. पण दसरा उलटला तरी पोरीला माहेरी धाडलं नाही. फोन आला तर शालनबाई शेजारी बसलेल्या असायच्या. त्यांचा श्वास सुद्धा ऐकू यायचा. जेवली का, बरी आहेस ना, हो, हो. एवढंच बोलणं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी फोन असाच संपत आला होता. स्वप्नाली म्हणाली, "आई, तुला अजून वर्गातलं येतं का गं?" आणि वरणाला फोडणी काय घातली हे विचारावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "ही बीट्स मी. आय ॲम प्रेग्नंट."

"काय म्हणायली गं ती?" मागून शालनबाईंचा आवाज आला.

"निकालाचं विचारतीय आई," स्वप्नाली म्हणाली. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मंजुळा मोशीला गेली. शालनबाईंनी चहा केला, बिस्किटं ठेवली, समाधान किती कष्टाळू आहे ते सांगितलं. स्वप्नाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उन्हाची वेळ असून तिनं लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता. माय-लेकींना एकटं असं दोन मिनिटं सुद्धा मिळालं नाही. निघताना मंजुळानं तिचा दंड धरला तर ती कळवळली, आणि लगेच हसली.

घरी ज्योतीराम ऐकत राहिला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "संसारात होतं आसं. नवं नवं हाय." तुम्ही मला कधी मारलंत, असं मंजुळानं विचारलं. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय हे तिला कळलं, पण त्या रडण्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

रविवारी ती विहारात गेली. वर्ग सुटेपर्यंत बाहेर चपलांपाशी उभी राहिली. मॅडम बाहेर आल्या तेव्हा तिला शब्द सुचेनात, म्हणून लेकीचं वाक्यच तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

आम्रपाली मॅडमचा चेहरा उतरला. "बीट की बीट्स, ताई? शेवटी एस होता?"

"होता. नीट ऐकलं मी."

एकदाच घडून गेलेलं असतं तर तो एस लागला नसता. रोजचं असलं, नेहमीचं असलं, की तो लागतो. तो मॅडमनीच पोरीला पक्का शिकवला होता. त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"फोन मीच केला होता, मॅडम," मंजुळा म्हणाली. "आन् अठरा बी मीच म्हणले. तिला वाचवायची वेळ आली तवा मी नवऱ्याला वाचवलं."

"ताई, तुमच्यावर तेव्हा…"

"नका म्हणू. पोरगी बघत होती माझ्याकडं."

सोमवारी दोघी बालसंरक्षणाच्या कार्यालयात गेल्या. मे महिन्यात आळंदीला आलेल्या मॅडमची बदली झाली होती. नव्या साहेबांनी जुना कागद शोधून काढला. त्यावर मंजुळाची सही होती, वय अठरा पूर्ण. मंजुळानं शाळेतून आणलेला दाखला टेबलावर ठेवला आणि एक कागदही ठेवला, तिनं स्वतः मराठीत लिहिलेला. मोठी मोठी अक्षरं, ओळी खाली घसरलेल्या. मुलगी पंधरा वर्षांची होती, मी खोटं सांगितलं, तिला तिथून काढा.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "मुलीचा जबाब लागेल. ती सासरच्यांसमोर काय बोलेल, सांगता येत नाही. बरं आहे म्हणाली तर आमचेही हात बांधलेले. वेळ लागेल याला." त्यांनी कागद खाली ठेवला. "आणि हे पुढं गेलं तर गुन्हा तुमच्या मिस्टरांवरही दाखल होईल, दिरावर, तुमच्यावर सुद्धा. विचार करून या हवं तर."

आम्रपाली मॅडमनी मंजुळाकडे पाहिलं.

मंजुळाच्या डोळ्यांसमोर प्रेस शॉपमध्ये उभा असलेला ज्योतीराम आला. त्याचा डबा तिनं सकाळीच भरला होता. ती इथं आलीय हे त्याला माहीत नव्हतं. मोशीत स्वप्नाली काय करत असेल, कुणासमोर उभी असेल, हे मंजुळाला माहीत नव्हतं. आज निघालेला कागद स्वप्नालीपर्यंत किती दिवसांनी पोचेल, हे तर समोरच्या साहेबांनाही माहीत नव्हतं.

"लिहा, साहेब," ती म्हणाली. "माझं नाव पहिलं लिहा."