पाण्याच्या बाईचं नाव

मी एक माईक बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोललो, आज जरा माझं ऐका.

ट्युनिशियाच्या दक्षिणेला, फॉस्फेटच्या खाणींजवळच्या गावात आमचं लहानसं रेडिओ केंद्र आहे. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण मला वाचा फुटली ती इथेच. रोज सकाळी माझ्यासमोर दोघं बसायची.

आधी दलिंदाखाला, म्हणजे दलिंदामावशी. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेली. पंपावर फोन करून कुठल्या गल्लीला पाणी कधी सुटणार ते विचारायची आणि पाच मिनिटांत सांगून मोकळी व्हायची. "मशिदीमागची गल्ली, सव्वासात. अर्धाच तास आहे, लोळत पडू नका." ना गाणं, ना गोडवा. स्वतःचं नावही घेत नसे. "पाणी काय माझ्या घरचं आहे, नाव मिरवायला?" म्हणायची.

मग नौफल यायचा. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे. सासूचे विनोद, शेजाऱ्यांच्या नकला. फोन सारखा खणखणायचा. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडायचा. सकाळी लबलाबी, म्हणजे हरभऱ्याचं लसूणदार कढण खाऊन यायचा, लसणाचा भपकारा थेट माझ्या तोंडावर, तरी आवडायचा.

केंद्राचे प्रमुख शाकिरसाहेब आलेले फोन मोजायचे. एका महिनाअखेरीस त्यांनी आकडे वाचून दाखवले. नौफलला नऊशे, खालाला दोन.

"खाला, राग मानू नका, पण तुम्हाला कोणी ऐकत नाही हो. उद्यापासून तुमची वेळ नौफलला."

तिने वेळांचा कागद घडी करून ठेवला. पर्स उचलली आणि निघाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'अहो, तिचं ऐकून माणसं फोनकडे नाही, नळाकडे धावतात!' पण माईकला स्वतःचा आवाज कुठला?

दुसऱ्या दिवसापासून नौफलचे फोन दुप्पट झाले. शाकिरसाहेब खूश. "बघ, उच्चांक!"

नौफलचा चेहरा उतरला होता. "साहेब, विनोदाला कोणी हसतच नाहीये. जो तो विचारतोय, पाणी कधी येणार."

"विचारू दे की. फोन तर येतायत ना?"

तेवढ्यात स्थानिक परिषदेची निवडणूक लागली. रेडिओवरून सांगता येत नाही तर निदान परिषदेत बसून पाण्याचं काही करू, म्हणून खाला उभी राहिली. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवल्यामुळे नौफलही उभा राहिला. त्याला मतं पडली सहाशे बारा, तिला एक्केचाळीस.

निकालानंतरच्या सकाळी एका बाईचा फोन आला. "नौफल बेटा, मत तुलाच दिलं हं. खरं तर त्या पाण्याच्या बाईला द्यायचं होतं. पण ती उभीच नव्हती ना?"

नौफल गप्प बसला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याला गप्प बसलेलं ऐकलं.

काम संपल्यावर त्याने मला पिशवीत घातलं आणि खालाचं घर गाठलं. "खाला, मी जिंकलो, आणि मला लाज वाटतेय."

"लाज कसली रे? तुझ्या विनोदांना मीही हसायचे. हसवणं काय सोपं असतं? मत मात्र मी स्वतःलाच दिलं बाई!"

"उद्यापासून माझी पहिली दहा मिनिटं तुमची. शाकिरसाहेबांशी मी भांडेन. परिषदेत काय मागायचं, तेही तुम्हीच शिकवा. पण एक अट आहे. आधी नाव सांगायचं."

खालाने ओढणीने डोळे पुसले आणि मला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं. तो हात मी विसरणार नाही.

सकाळी ती माझ्यासमोर बसली. "मी... मी दलिंदा गरबी." आवाज कापला. मग गल्ल्या नि वेळा मात्र नेहमीसारख्या खणखणीत.

आता माझी जाळी चेपलीय, नवा माईक यायचाय. जाण्याआधी एवढंच मागतो. ज्याच्या बोलण्यावर हसता, त्याला खुशाल डोक्यावर घ्या. पण ज्याच्या बोलण्यावर उठून कामाला लागता, त्याचं नाव एकदा विचारून ठेवा. आमच्या गावाने ते अकरा वर्षं विचारलं नव्हतं.