लवकर पोचलेला वरधावा

लडकू पळायला शिकणार, यावर खालापुरात कुणाचाच विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा? हा गडी म्हशीमागे चालायचा तोही म्हशीच्या चालीने, आणि म्हैस थांबली की खुशीने थांबायचा. अंगाने गुबगुबीत, स्वभावाने गरीब, आणि आवडी म्हणाल तर दोनच: जेवण आणि दहिवलीची ठमी. पैकी जेवण रोज मिळत होतं. ठमीच्या वाटेत तिची आई उभी होती.

ठमीची आई भागूबाई. तिची थोरली लेक लडकूच्या थोरल्या भावाला, सहदेवला, दिलेली होती आणि लग्न माघात ठरलं होतं. बोलणी आटपल्यावर लडकूच्या बापाने, शुक्राने, भीतभीत विषय काढला की धाकट्यांचंही बघावं. भागूबाई पान लावत होती, ती थांबली.

"ज्या घरचा वरधावा नवऱ्याच्या मागून येतो त्या घरात एक लेक दिली, ती लय झाली," ती म्हणाली. "दुसरी द्यायची का नाय ते या येळचा वरधावा बघून ठरवीन."

शुक्राने मान खाली घातली. घालणं भागच होतं. वऱ्हाड पोचायच्या आधी नवऱ्याकडचा एक जण पळत पुढे जातो आणि मांडवात वर्दी देतो, 'नवरा वेशीवर आला.' तो वरधावा. बाकीच्या गावांत वरधावा शहाण्यासारखा वेशीपर्यंत गाडीत बसून येतो आणि शेवटी चार पावलं पळाल्यासारखं करतो. शुक्राच्या घरात मात्र आपल्या उंबऱ्यापासून पायी पळत जायची रीत, आणि त्या रितीचा ताठा केवढा! ऐन तारुण्यात शुक्रा आपल्या भावाच्या लग्नात असाच वरधावा म्हणून निघाला, वाटेत एका आंब्याखाली घटकाभर टेकला आणि झोपला. जाग आल्यावर धावत मांडवात शिरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "नवरा आला हो!" नवरा तेव्हा पंगतीत वरण ओरपत होता. त्यानेच शुक्राला हाताला धरून शेजारी बसवलं. ते लग्न भागूबाईच्या माहेरचं होतं आणि तिची स्मरणशक्ती फार चांगली होती.

तर आता सहदेवच्या लग्नात वरधावा लडकू. वऱ्हाडाच्या आधी पोचला तर ठमी, नाहीतर जन्मभर म्हशी.

लडकू गेला तो थेट कोंडाजीकडे. कोंडाजी एके काळी घाटातून डाक घेऊन पळायचा, घुंगराची काठी वाजवत. मग आगगाडी आली, डाक गाडीत बसली आणि कोंडाजी घरी बसला. त्या गाडीवर त्याचा फार राग. शिट्टी ऐकू आली की तो म्हणायचा, "वाफेवर पळतीय रांड, दमावर नाय." त्याला कुणीतरी चेला हवाच होता. लडकूला बघून मात्र त्याने कपाळाला हात लावला.

"ह्यो पळंल?" तो आकाशाकडे बघून म्हणाला. देवाने उत्तर दिलं नाही, तेव्हा कोंडाजीने काम हाती घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून लडकूच्या खांद्यावर ओल्या वाळूची पिशवी आली. भातं निघालेल्या शेतांच्या बांधांवरून तो पळायचा आणि कोंडाजी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून शेंगा खात खात ओरडायचा. लडकू धाप लागून पडला की वरून आवाज यायचा, "पडायचं तर म्होरं पड रं, तेवढंच अंतर कमी!" आठवडाभरात लडकूचे पाय सुजले, चेहरा उतरला, आणि मन तर रोज नवीन वकिली करायला लागलं. मन म्हणायचं, ठमीपेक्षा कळंबची पोर काय वाईट? मन म्हणायचं, लग्न न करता राहिलेली माणसं किती सुखी असतात बघ. एकदा तर मनाने सुचवलं की कर्जतपर्यंत आगगाडीने जावं आणि स्टेशनापासून पळावं, कोण बघतंय? हे लडकूने भाबडेपणाने कोंडाजीला सांगितलं. कोंडाजीने शेंगांची टरफलं त्याच्या अंगावर भिरकावली.

"नीट ऐक," राग गेल्यावर तो म्हणाला. "पाय कंदी दमत नाय. दमतंय ते मन, अन् ते लय लबाड आसतं. ते म्हनंल, बस. तू नाय म्हनू नको. नाय म्हटलं का भांडाया लागतं. तू म्हन, बसू की, त्या म्होरल्या झाडाखाली बसू. झाड आलं का त्याच्या म्होरलं दाव."

"आन् मनाला कळलं तर, बाबा?"

"मन तुजंच हाय ना?" कोंडाजी म्हणाला. "मंग नाय कळायचं."

आणि खरंच नाही कळलं! लडकूचं मन रोज फसलं. चिंचेखाली बसायचं ठरलेलं मन वडापर्यंत गेलं, वडावरून नदीपर्यंत, आणि नदीवरून परत. पिशवीतली वाळू वाढली, लडकूची ढेरी ओसरली. मग कोंडाजीने शेवटची परीक्षा ठेवली. लडकूची आई अंबाबाई दारात चूल मांडून वडे तळत होती आणि लडकूने उपाशीपोटी त्या दारावरून न थांबता जायचं होतं. पहिल्या दिवशी तो थांबला आणि सहा खाल्ले. दुसऱ्या दिवशी थांबला, पण रडत रडत खाल्ले. अखेर एका सकाळी तो नाकासमोर बघत सरळ निघून गेला, आणि पोराला काहीतरी बाधलं म्हणून अंबाबाई अंगारा आणायला धावली.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या जुंपल्या, शुक्राने नारळ फोडला, लडकूच्या डोक्याला फेटा बांधला. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे गुरं घरी फिरायच्या वेळेचा. सगळा दिवस हाताशी होता. पण कोंडाजीने त्याच्या कानात एकच गोष्ट सांगितली. "जीव तोडून पळ. डाक येळंआधी पोचली म्हनून कंदी कुनी वरडलं नाय."

इथे दोघांचंही चुकलं, आणि ते गावात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कारण इतक्या वर्षांत त्या घरचा वरधावा फार लवकर पोचेल, ही काळजी कुणाला करावीच लागली नव्हती.

लडकू सुटला तो सुटलाच. खोपोलीचा रस्ता मागे पडला, पळसदरीची झाडी आली. मन म्हणालं बस, लडकूने त्याला पुढचं झाड दाखवलं. पळसच पळस ते, झाडांना काय तोटा! फेट्याचं एक टोक सुटून मागे उडत होतं आणि लडकूला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण देखणे आहोत. सूर्य डोक्यावर यायच्या आधीच तो दहिवलीच्या मांडवात उभा राहिला आणि छाती भरून ओरडला, "नवरा वेशीवर आला हो!"

मांडवात एकच धांदल उडाली. आचाऱ्याच्या हातून झारा पडला. अर्ध्या बायकांच्या वेण्या घालायच्या होत्या, नवरी अजून न्हात होती, सनईवाला तर जेवायला बसला होता. पण वरधावा आला म्हणजे नवरा आला, यात शंका कसली घ्यायची? भागूबाईने ओवाळणीचं ताट उचललं, भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन सुवासिनी निघाल्या आणि सगळी दहिवली वेशीवर जाऊन उभी राहिली.

इकडे लडकूला पाटावर बसवलं. वरधाव्याच्या ताटात काही उरलं तर तो नवरीच्या घरचा अपमान, म्हणून ताट काठोकाठ वाढलेलं. नारळाच्या रसातल्या शेवया, वडे, तूप, वर गुळाचा खडा. वाढायला ठमी. लडकू खात होता, ठमी वाढत होती, आणि जग इतकं चांगलं आहे हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं कसं नाही, याचं त्याला नवल वाटत होतं.

वेशीवर ऊन चढलं. सनई वाजून वाजून फेसाळली आणि थांबली. ताटातली निरांजनं विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. घागरी डोक्यावरून कमरेवर आल्या, कमरेवरून जमिनीवर, आणि शेवटी तहान लागून लोकांनी त्या पिऊन टाकल्या. रस्त्यावर एक कुत्रं आलं, त्याच्याकडेच सगळे बराच वेळ आशेने बघत राहिले. मग भागूबाई वळली आणि मांडवाकडे निघाली. तिची चाल बघून लोक बाजूला झाले.

"कुटं हाय नवरा?" तिने विचारलं.

लडकूच्या तोंडात वडा होता. तो गिळून तो खरं तेच बोलला. "आसंल... खोपोलीपातुर."

"खोपोलीपातुर!" भागूबाईचा आवाज कर्जतच्या स्टेशनापर्यंत गेला असेल. "तुजा बाप नवऱ्याच्या मागून आला, तू नवऱ्याच्या आदल्या जन्मी आलास! एका घरातनं एक धड वरधावा नाय? गाव उन्हात उभं क्येलंस माजं! ही वर्दी खोटी. आता जा, न् गोरजाच्या आत परत ये. म्होरं तू, मागं नवरा, दोगं माज्या डोळ्यांनी बघीन. नाय जमलं तर ठमीचं नाव तोंडात घेऊ नको."

ठमीने ताट उचललं. तिचे डोळे भरले होते. लडकूचं पोटही भरलं होतं, आणि त्या पोटानिशी तो परत धावत सुटला.

ते परतीचं धावणं काय सांगावं! शेवया घशाशी येत होत्या, वडे पोटात गडगडत होते. मन आता भांडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. लडकू त्याला झाडं दाखवत राहिला आणि ठमीचे डोळे आठवत राहिला. अर्ध्या वाटेवर, ओढ्याकाठी, त्याला वऱ्हाड सापडलं. पुढच्या गाडीचा आस मोडून ती वाटेत आडवी झाली होती, मागच्या गाड्या तिच्यामागे अडकल्या होत्या, सुतार शोधायला माणूस गेला होता, आणि बाकीचं वऱ्हाड, सर्वांत पुढे शुक्रा, सावलीत घोरत पडलं होतं. नवरा तेवढा बाशिंग सांभाळत बसून होता.

"दादा, ऊठ," लडकू म्हणाला. "पळायचंय."

"मी? नवरा हाय मी!"

लडकूने सगळं सांगितलं. सहदेव भावाकडे बघत राहिला. या पोराने आजवर कधी काही मागितलं नव्हतं, जेवण सोडून. त्याने मुंडावळ्या कानामागे खोचल्या, शेला कमरेला आवळला आणि जोडे हातात घेतले. पिवळ्या हळदीचा नवरा आणि घामाने निथळणारा वरधावा धुरळा उडवत दहिवलीकडे पळत सुटले. वाटेत गुराख्यांनी नवरा लग्नातून पळाला म्हणून हाकाटी केली, त्याला कोण उत्तर देणार?

वेस दिसली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं आणि रानातून गुरं निघाली होती. सारं गाव पुन्हा वेशीवर उभं होतं, मधोमध भागूबाई. लडकू पुढे, सहदेव मागे, अगदी हवं तसं. शेवटचं लिंबाचं झाड आलं आणि तिथेच लडकूच्या उजव्या पोटरीत गोळा आला. असा आला की पाय लाकडासारखा ताठ झाला. तो एका पायावर उभाच राहिला. तोंडातून शब्द फुटेना. सहदेवही त्याच्या मागे थांबला, कारण पुढे गेला असता तर भावाची ठमी गेली असती.

वेशीवर कुणालाच काही कळेना. भटजी ओरडले, "मुहूर्त टळतोय!" लडकू हलला नाही. दातओठ खाऊन तो भागूबाईकडे नुसता बघत राहिला.

"आडून बसलाय," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. "कबूल करवून घेतल्याबिगर नाय यायचा. बापापेक्षा पक्का हाय."

भागूबाईने सूर्याकडे बघितलं, मग लडकूकडे. "बरं, देते ठमी!" ती ओरडली. "ये आता!"

लडकूने ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आनंदाचं आणि पोटरीचं. पाय मात्र तसूभर हलला नाही.

"आजून आडलाय!" म्हातारा कौतुकाने म्हणाला.

"दुभती म्हैसबी देते!" भागूबाईने किंकाळी फोडली. "आता तरी ये रं मेल्या!"

गोळा त्याच वेळी सुटला. लडकू लंगडत, रडत वेशीत शिरला आणि पुटपुटला, "नवरा आला." सनई वाजली, मागून सहदेव आला, आणि लग्न अगदी काठावर लागलं. रात्रीपर्यंत अडकलेल्या गाड्या आल्या. काय चिवट मनाचा गडी, असं जो तो म्हणत होता. शुक्राच्या तर पाठीला ताठ राहून राहून कळ लागली.

पंगती चालू असताना ठमी पाण्याचा तांब्या घेऊन लडकूजवळ आली आणि हळूच म्हणाली, "गोळा आला व्हता ना?"

लडकूने इकडेतिकडे बघितलं. "व्हय."

"मंग गप ऱ्हा," ठमी म्हणाली. "आईला कळलं तर म्हैस ठिवून घील."