मग पुरलं कोणाला?

दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईंना सगळे 'टाकेवाल्या काकू' म्हणत. नवा पेशंट हे नाव ऐकूनच दचकायचा. त्याला वाटायचं, आत दात काढला की बाहेर टाके घालायला या बसल्यात. खरी गोष्ट एवढीच, की फोन आणि नोंदवही यांच्या मधल्या वीतभर जागेत काकूंच्या विणायच्या सुया सतत चालू असत. दोन सुलट, दोन उलट. समोरचा माणूस गाल धरून कण्हत असला तरी हात थांबत नसत. "बसा, दहा मिनिटं लागतील," एवढं सांगायला हात कशाला थांबवायचे?

घरी मुकादम होता. मुकादम म्हणजे त्यांचा बोका. राखाडी अंग, पुढचे दोन पाय पांढरे, मोजे घालून कामावर निघाल्यासारखे. स्वतः काडीचं काम करायचा नाही, पण दुसऱ्याचं काम चालू असेल तिथे जाऊन बसायचा, म्हणून काकांनी हे नाव ठेवलेलं. काकू लोकर उलगडायला लागल्या की हा गुंड्यावर पंजा ठेवून डोळे मिटायचा, जसं काही याच्या परवानगीशिवाय धागा पुढे सरकायचा नाही. काका पाणीखात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे मीटर तपासले, आता घरात बोक्याला तपासायचे. "ऐतोबा", "फुकटखाऊ", अशा त्यांच्या हाका. आणि काकूंची पाठ वळली की आपल्या ताटातला माशाचा तुकडा टेबलाखाली.

त्या गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास काकू कामावरून परत येत होत्या. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार नेहमी गल्ल्यावरूनच हात करायचा. आज तो दुकान सोडून रस्त्यावर आला.

"काकू, थांबा जरा. पुढे नका जाऊ."

"का हो? काय झालं?"

"तुमचा बोका..." तो हात पँटला पुसत राहिला. "मघाशीच. टेम्पो होता एक. थांबलासुद्धा नाही हो."

फुटपाथच्या कडेला त्यानं एक खोकं उलटं घातलं होतं. खोक्याखालून दोन पांढरे पाय बाहेर दिसत होते. काकूंनी ते पाय पाहिले, आणि पुढे काही पाहिलंच नाही.

"तोंडाकडे बघू नका," दुकानदार म्हणाला. "बघण्यासारखं राहिलं नाही."

काकूंना रडू आलं नाही. "माझी पर्स धरा जरा," त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून विणकाम बाहेर काढलं. काकांचा स्वेटर होता, गर्द तपकिरी. पाठ, पोट, गळा आणि एक बाही झाली होती, दुसरी अर्धी सुईवर होती. काकूंनी सुई सर्रकन ओढून काढली. तीस-चाळीस टाके एकदम सुटले. विणणारं माणूस दाराला आग लागली तरी आधी ओळ पुरी करील, पण असे टाके सोडणार नाही. काकूंना त्याचं भानही नव्हतं. त्यांनी नजर बाजूला ठेवून, चाचपडत, ते ऊबदार ओझं स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि तान्ह्या मुलासारखं छातीशी धरून घरी आणलं.

काका फाटकातच उभे होते. "काय आणलंस गं?"

"मुकादम," काकू म्हणाल्या.

काकांनी कुदळ घेतली. मागच्या परसात लिंबोणीखाली त्यांनी खणायला घेतलं. गुडघ्याएवढा खड्डा झाला, मांडीएवढा झाला, तरी ते खणतच राहिले.

"अहो, पुरे झालं."

"कुत्री उकरतात," काका म्हणाले, आणि कंबरेपर्यंत जाऊन थांबले. मग वर येऊन ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बत्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं आणि त्यांनाच काही सुचेनासं झालं. संध्याकाळी काकांनी बोक्याचं भांडं घासलं, पुसलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिलं. दोघांपैकी कुणालाच घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकू चहा गाळत होत्या. काका बाजूलाच, तोंडात ब्रश. स्वयंपाकघराच्या खिडकीवर धप्पकन काहीतरी आदळलं.

खिडकीत मुकादम उभा होता.

मिशांना लाकडाचा भुसा, कानांवर भुसा, पाठीवर भुसा. त्यानं ओट्यावर उडी मारली, ओट्यावरून जमिनीवर आला, आपल्या भांड्याच्या कोपऱ्यात गेला. भांडं नव्हतं. त्यानं वळून दोघांकडे पाहिलं आणि असा काही आवाज काढला, जसा नोकरांनी संप केल्यावर मालकानं काढावा.

काकूंच्या हातातली गाळणी खाली पडली. गरम चहा पायावर सांडला, तोही त्यांना नंतर कळला.  काका तोंडात फेस तसाच ठेवून हळूहळू खाली बसले, जमिनीवरच. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि बोक्याच्या पाठीला लावलं. लगेच मागे घेतलं. पुन्हा लावलं.

"गरम आहे," ते म्हणाले. फेसामुळे ते 'गलम आहे' असं ऐकू आलं.

पुढे दहा मिनिटं त्या घरात कोण हसत होतं, कोण रडत होतं, काही कळायला मार्ग नव्हता. काकूंनी बोक्याला उचललं, उलटंपालटं केलं, पंजे तपासले, कान तपासले. काकांनी फळीवरचं भांडं काढलं आणि त्यात दूध इतकं ओतलं की ते फरशीवर वाहिलं. आदल्या दुपारी हा पलीकडच्या सुताराच्या कारखान्यात शिरला होता आणि सुतारानं न बघता कुलूप घातलं होतं, ते पहाटे उघडलं. हे नंतर समजलं.

मग काकूंचं हसणं मध्येच थांबलं. खिडकीतून लिंबोणी दिसत होती. खाली ओली, काळी माती.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग पुरलं कोणाला?"

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते उठले, चूळ भरली, टॉवेलनं बराच वेळ तोंड पुसत राहिले.

"हे बघ," ते टॉवेलातून म्हणाले, "झाकली मूठ झाकलेलीच बरी. ज्याचं असेल त्याला वाटेल, गेलं कुठेतरी. मांजरं जातात. आपण कशाला कुणाच्या दारात वाईट बातमी घेऊन उभं राहायचं?"

"आणि तो वाट बघत बसेल त्याचं काय?"

"बघेल थोडे दिवस."

"काल मला कुणी सांगितलं असतं ना, की मुकादम गेला कुठेतरी, तर मी मरेपर्यंत खिडकी उघडी ठेवली असती," काकू म्हणाल्या. काकांनी टॉवेल खुंटीला लावला.

काकूंनी डॉक्टरांना फोन लावला. "आज मी येत नाही. मांजर हरवलंय."

"अरेरे! तुमचं?"

"नाही, दुसऱ्याचं. पण ते माझ्याकडे आहे," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला. डॉक्टर बिचारे दिवसभर या वाक्याचा अर्थ लावत राहिले असतील.

जवळपास जनावरांचा दवाखाना एकच होता. तिथल्या मदतनीस बाईंनी काकूंचं निम्मंच ऐकलं आणि फळ्यावरचा एक कागद काढून पुढे केला. "काल संध्याकाळी एक जण लावून गेला."

कागदावर फोटो होता. राखाडी अंग, पांढरे मोजे, आणि गोल, जरा घाबरट तोंड. काल जे तोंड पाहायचं काकूंनी टाळलं होतं, ते आज समोर आलं. खाली लिहिलं होतं : 'नाव ढगी. मादी. वय सहा. चारच दिवसांपूर्वी या भागात आलो आहोत, तिला रस्ते माहीत नाहीत.'

मादी! काकूंनी तो शब्द पुन्हा वाचला. आपण एवढंसुद्धा पाहिलं नाही?

पत्ता तिसऱ्या मजल्याचा होता. जिना चढताना काकूंनी एक वाक्य तयार केलं, घोकलं, दुरुस्त केलं. पण घंटीचा आवाज विरायच्या आतच दार उघडलं. तिशीचा उंच माणूस. हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग, नाकावर वेल्डिंगच्या चष्म्याचा वळ. मागे न उघडलेली खोकी आणि ओल्या रंगाचा उग्र वास.

"सापडली?" त्यानं विचारलं.

काकूंचं घोकलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. "हो," त्या म्हणाल्या, आणि त्याचा चेहरा उजळलेला पाहून त्यांना स्वतःची जीभ चावावीशी वाटली. "म्हणजे, नाही रे बाळा. मी आत येऊ का?"

त्यांनी सगळं सांगितलं. टेम्पो, खोकं, लिंबोणी, सकाळची खिडकी. वेल्डर एका खोक्यावर बसून ऐकत होता. डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"म्हणजे तुमचा बोका समजून पुरलीत," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तुम्ही चुकलात."

"चुकले."

"मग आत्ताही चुकत असाल." तो उभा राहिला. "मला बघायचंय."

काकूंनी त्याला घरी आणलं. परसाचं दार उघडलं, आणि नेमका मुकादम समोरच्या भिंतीवर ऊन खात बसलेला, पांढरे मोजे पुढे घेऊन.

"ढगी!" वेल्डर ओरडला. तो धावलाच. "ही बघा! ही काय, ही तर इथेच..."

 क्षणभर काकूंनाच काही कळेना, सकाळी खिडकीतून आलं ते मांजर तरी नक्की कोणाचं! मुकादम उठला, आळस दिला आणि पाठ फिरवली. शेपूट सरळ वर. वेल्डर जागच्या जागी थांबला.

"शेपूट," तो हळूच म्हणाला. "हिची शेपूट सरळ आहे. ढगीची टोकाला मोडलीय. लहानपणी दारात चेंगरली होती." मग तो काकांकडे वळला. "कुदळ द्या."

काकांनी कुदळ दिली, स्वतः फावडं घेतलं. दोघं खणत राहिले. माती संपेना.

"इतकं खोल कुणी पुरतं का?" वेल्डर चिडून म्हणाला.

"मला तो माझा वाटला होता," काका म्हणाले.

वेल्डरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग कुदळ जरा हलक्या हातानं चालवली. शेवटी तपकिरी लोकर दिसली. तो गुडघ्यांवर बसला, स्वेटरचं फक्त खालचं टोक त्यानं बाजूला केलं. शेपटीचं टोक बाकदार होतं, गळासारखं.

त्यानं टोक परत झाकलं. "तीच आहे."

 पलीकडे सुताराची करवत चालू होती.

"घेऊन जायचीय?" काकूंनी विचारलं.

"कुठे नेऊ? तिसरा मजला." त्यानं ते गाठोडं पुन्हा खाली ठेवलं, लोकर चारी बाजूंनी नीट खोचली. माती लोटता लोटता तो अचानक म्हणाला, "रंगाचा वास जात नव्हता. खिडकी मीच उघडली होती, मीच."

"खिडक्या सगळेच उघडतात," काका म्हणाले. "आमचीही उघडीच असते. आमचा परत आला, तुझी नाही आली. यात तुझं-माझं काही नाही रे."

तेवढ्यात वेल्डरच्या खिशातला फोन वाजला. त्यानं पडदा पाहिला आणि विस्तव लागल्यासारखा फोन काकूंच्या हातात दिला.

"आई आहे. मांजर तिचं. मी एकटा पडेन म्हणून तिनं बरोबर दिली. मला नाही सांगता येणार. तुम्ही सांगा."

काकूंना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. पलीकडून बाईंचा घाईघाईचा आवाज आला, "मिळाली का रे?"

"मी त्याची शेजारीण बोलतेय," काकू म्हणाल्या. शेजारीण हा शब्द कसा तोंडातून गेला, त्यांनाही कळलं नाही. "ताई, बसला आहात ना? ढगी गेली. गाडीखाली आली काल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्रास झाला का हो तिला?"

काकूंना 'नाही' म्हणता आलं असतं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. अंग मात्र गरम होतं. मी कुशीत घेऊन आणली."

 मग आवाज आला, घोगरा, पण आईचाच. "तो कुठे आहे?"

"इथेच. मातीत बसलाय."

"जेवलाय का?"

काकूंनी वेल्डरकडे पाहिलं. "काल दुपारपासून काही खाल्लंय का रे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. काकूंनी काकांना खूण करायच्या आत काका आत गेलेही होते. अंडी फोडल्याचा आवाज आला. काकांना आम्लेट सोडून दुसरं काही येत नव्हतं आणि तेही दर वेळी एका बाजूनं करपायचं. वेल्डरला त्यांनी पायरीवरच बसवलं, हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं, पुढे आम्लेट-पावाची बशी ठेवली.

"वाढलंय ताई. आता फोन ठेवू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "त्याच्याजवळ ठेवा. बोलू नका काही. तो खातोय एवढं मला ऐकू दे."

काकूंनी फोन पायरीवर, बशीच्या शेजारी ठेवला. वेल्डरनं करपलेल्या बाजूचा एक तुकडा मोडला, पावात घातला आणि फोनकडे बघत खायला लागला.